एका ठिपक्याची खात्री

यंदा अधिक श्रावण आला आणि कोरडा गेला. निज श्रावणही तसाच चाललाय. संध्याकाळी गच्चीवर गेलं की पश्चिमेला ढगाची एक रेघसुद्धा नसते. सूर्य मावळतो तो अगदी स्वच्छ मावळतो, ताटलीतून भाकरी उचलावी तसा. मग एकेक तारा दिसायला लागतो. पावसाळ्यातले तारे. एरवी ते आपल्याला दिसायचे नसतात.

आकाश बघणाऱ्या माणसाला दुष्काळात थोडं ओशाळं व्हायला होतं. शेजारच्या सोनवणेकाकू त्यांच्या गच्चीवर येतात त्या ढग शोधायला. मूळच्या देवगाव रंगारीच्या. तिथं अजून त्यांच्या दिराकडं घरची शेती आहे. कपाळावर आडवा हात धरून त्या चारी दिशा बघतात आणि म्हणतात, "काहीच नाय की हो." मी पण बघते. काहीच नसतं, आणि मला जे हवं असतं ते नेमकं हेच असतं. हे त्यांना सांगता येत नाही.

असंच एक कोरडं साल आठ वर्षांपूर्वी होतं. त्याही वर्षी अधिक महिना होता, आषाढ. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं आणि आमच्या गच्चीवरून दक्षिणेला काही म्हणजे काही आडवं येत नव्हतं. जालना रोडच्या आत, चिकलठाण्याच्या अलीकडं आमची कॉलनी. पुढं पडीक प्लॉट, बाभळी, आणि लांबवर विमानतळाचे दिवे. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, कधी सहाव्या. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे ज्याला पावसाळा म्हणायचं त्या दिवसांत, आम्ही एक दुर्बीण केली. आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि विमलताई.

विमलताई माझ्या नणंद. लग्न झालं तेव्हा मी त्यांना सासूबाईंच्या सांगण्यावरून वन्सं म्हणत असे. आठवड्याभरात त्यांनीच ते थांबवलं. "वन्सं म्हटलं की मला नाकात नथ घातल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. "ताई म्हण." त्यांचं लग्न झालं नाही. भूमी अभिलेख कार्यालयात त्या नकाशे उतरवून काढायच्या. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर जुना फाटका नकाशा, त्यावर ट्रेसिंगचा कागद, आणि पेनाची सुईसारखी निब. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बांधांच्या रेघा ओढल्या. एक रेघ केसभर सरकली तर दोन भाऊ जन्मभर कोर्टात जातात, असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जराही चढायचा नाही.

त्यांच्या कचेरीतली एक पद्धत त्यांनी घरात आणली होती. जुन्या नकाशात एखादी खूण शंकेची असली, म्हणजे तो विहिरीचा ठिपका आहे की झुरळानं केलेला डाग आहे हे कळत नसलं, तर ती तशीच उतरवायची आणि बाजूला बारीक अक्षरात लिहायचं : खात्री करणे. मग दुसरा माणूस मूळ नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. त्याला आधी काही सांगायचं नाही. "सांगितलं की माणसाला तेच दिसतं," ताई म्हणायच्या. त्याला स्वतःहून ती खूण दिसली तर तो खाली सही करणार, आणि मगच ती विहीर. आमच्या किराण्याच्या यादीतही त्या असं करायच्या. 'हिंग (खात्री करणे)' असं वाचलं की मी निमूट डबा उघडून बघायची.

त्या साली त्या साठीच्या झाल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेलेली होती. साखरेचा आजार जुना. डोळ्याच्या पडद्यामागं रक्त उतरायचं. उजव्या डोळ्याला लेसर देऊन झाले होते. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आडवळण घेतलं नाही. "खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही," म्हणाला. "हा डोळा किती दिवस राहील ते मला सांगता येणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "कुठं जायचं का आपण? काश्मीर वगैरे?"

ताई म्हणाल्या, "मला शनी बघायचाय."

मला आधी वाटलं, देवळाबद्दल बोलतायत. पण त्या देवळात जात नसत. गोष्ट अशी होती की त्यांच्या पत्रिकेत सप्तमात शनी होता. सासरे तहसिलीत कारकून, आणि पंचांगावर त्यांचा सरकारी कागदाइतका विश्वास. दर शनिवारी तेल वाहायचे. पाचोडच्या एका चांगल्या स्थळाकडून पत्रिका परत आली, मग दुसरीकडून, मग तिसरीकडून, आणि पुढं कोणी ती पाठवायचंच सोडून दिलं. ताईंचा स्वतःचा या कशावर विश्वास नव्हता. पण आपला विश्वास नसलेल्या गोष्टीनंसुद्धा आपलं आयुष्य ठरतं, हे त्यांना माहीत होतं. "साठ वर्षं तो माझ्याकडं बघतोय," त्या रिक्षात म्हणाल्या. "एकदा मी त्याच्याकडं बघते. कडं आहे म्हणतात ना त्याला? ते बघायचं. फोटोत नाही. स्वतः."

एवढीच गोष्ट. डोळा जायच्या आत शनीचं कडं.

आधी आम्ही गेलो एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानात. काचेमागं लालभडक दुर्बीण उभी होती, तीन पायांवर, नाजूक बगळ्यासारखी. खोक्यावर मोठे आकडे छापलेले. दुकानातला मुलगा टाय लावलेला. "मॅडम, पाचशे पट! चंद्रावरचा झेंडा दिसतो."

"झेंडा नको. शनी दिसेल का?"

"दिसेल ना. एकदम फुल साईज."

"फुल साईज दाखवायला तुमचं दुकान पुरायचं नाही," ताई म्हणाल्या, आणि त्या दुर्बिणीतून बघायला गेल्या. बघायची काच मागच्या टोकाला, आणि नळी वर आकाशाकडं, त्यामुळं बघणाऱ्यानं खाली वाकून, मान वर करून, कोंबडा झाल्यासारखं उभं राहायचं. त्या अर्ध्या वाकल्या आणि थांबल्या. मी दंड धरला. मुलानं विचारलं, "पाठीचं दुखणं आहे का?" ताई हो म्हणाल्या.

तिथून आम्ही गेलो रशीदभाईंकडं. सिटी चौकाच्या मागच्या बोळात त्यांची चष्म्याच्या काचा घासायची छोटी कार्यशाळा. ताई नोकरीत असताना त्यांचं बहिर्गोल भिंग दुरुस्त करायला तिथंच द्यायच्या. रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि आधी त्या लाल दुर्बिणीचा निकाल लावला.

"डब्बे पो लिखे सो नंबर बेचने के है बाजी, देखने के नै." मग माझ्याकडं बघून मराठीत आले. "हे बघा, पाऊस सगळ्यांच्या अंगणात सारखाच पडतो. ज्याच्या भांड्याचं तोंड मोठं, त्याच्यात जास्त पाणी. उजेडाचं बी तसंच हाय. किती पट ते इचारू नका, तोंड किती इंचाचं ते इचारा."

"पाऊस पडतोय कुठं?" ताई म्हणाल्या.

"उजेड पडायलाय ना. तो कुठं नगरपालिकेचा हाय."

त्यांनी पाटीवर खडूनं काढून दाखवलं. एक सरळ नळी. तळाशी खोलगट आरसा, भिंग नाहीच. उजेड वरून आत येतो, तळाच्या आरशावर आपटून गोळा होत परत वर येतो, आणि तोंडापाशी एक छोटा तिरका आरसा त्याला बाजूला काढून देतो. तिथं नळीच्या कुशीत बघायची काच, म्हणजे नेत्रिका. "म्हणजे वाकायला नको," ताई लगेच म्हणाल्या. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं होतं. "बाजूनं बघायचं. बसून. खिडकीतून बघितल्यासारखं."

"हौ. स्टुलावर बसा, चाय पीते पीते देखो."

दुर्बीण कशी निवडावी यावर नंतर मी ग्रंथालयात बरंच वाचलं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी असल्यामुळं मला हे व्यसन आहे, काम झाल्यावर त्याचं पुस्तक वाचायचं. सगळ्या पुस्तकांत रशीदभाईंचंच म्हणणं लांबवून लिहिलेलं होतं. आरसा सहा इंची असावा, त्याहून लहान नको आणि सुरुवातीला मोठाही नको. नळी पुरेशी लांब ठेवली तर आरशाचा साधा गोल खोलगटपणा चालून जातो. खालची बैठक लाकडी खोक्याची, तोफेसारखी वरखाली आणि गोल फिरणारी. हलणारी कुठलीही गोष्ट नाजूक नको. पण आमची निवड त्या आधीच झाली होती, आणि ती एका वाक्यावर झाली होती : वाकायला नको.

तयार दुर्बीण पुण्याहून मागवली तर दिवाळीनंतर येणार होती. तोवर शनी सूर्याच्या उजेडात बुडाला असता. रशीदभाईंकडं जाड काचेच्या दोन चकत्या धूळ खात पडल्या होत्या. एका कॉलेजच्या मुलांनी मागवल्या आणि न्यायला कोणी आलंच नाही. "घासून काढा," ते म्हणाले. "महिना, सवा महिना. ताकद नै लगती, सबर लगता."

आरसा घासायचा म्हणजे काय करायचं ते अगदी सोपं आहे. एक चकती खाली एका जड ठाण्यावर पक्की बसवायची. तिच्यावर कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, भरड पूड आणि चमचाभर पाणी. वर दुसरी चकती ठेवून मागंपुढं ढकलायची. दहा-बारा वेळा ढकललं की एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा ढकलायचं. असं करत त्या ठाण्याभोवती गोल फिरत राहायचं. हळूहळू वरची काच खोल होते, खालची फुगते. मग बारीक पूड, मग अजून बारीक. ठाणं म्हणून आम्ही गच्चीवर तेलाचं लोखंडी पिंप आणून ठेवलं. ते हलू नये म्हणून त्यात पाणी भरा असं पुस्तकात लिहिलेलं. आम्ही वाळू भरली. पलीकडं बांधकाम सुरू होतं, वाळूला तोटा नव्हता.

सकाळी सहा ते आठ मी पिंपाभोवती फिरायची. ताई खुर्चीवर बसून वहीत फेऱ्या मोजायच्या, पाच-पाचच्या काड्या पाडून, आणि चमच्यानं पाणी घालायच्या. आवाज ऐकून त्या सांगायच्या, पूड संपली, पाणी कमी झालं, डावा हात जड पडतोय. डोळ्याचं काम त्यांनी कानाला दिलं होतं.

चार-पाच दिवसांनी सोनवणेकाकू जिना चढून आल्या. हातात हळदकुंकवाची वाटी.

"रोज बघायलेय मी आमच्या गच्चीवरून. लई पुण्याचं काम करायल्या बाई तुम्ही. अधिकात प्रदक्षिणा घालणारं आता राह्यलंय कोण?"

मी थांबले. पिंपाकडं पाहिलं, मग ताईंकडं.

"किती झाल्या?" काकूंनी विचारलं.

"आजच्या एकशे चाळीस," ताई वही बघून म्हणाल्या.

"अगं बया! आन् पावसासाठीच ना?"

"नाही हो. शनीसाठी."

काकूंनी जरा विचार केला. "त्यालाबी झाला पाह्यजे राजी. त्याच्याच तावडीत हाय सगळं." त्यांनी पिंपाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही दमला असाल तर पन्नासेक मी घालते." त्यांनी खरंच घातल्या. ताईंनी त्यांना ढकलायचं कसं ते शिकवलं. आमच्या आरशात सोनवणेकाकूंच्या किती फेऱ्या आहेत ते वहीत आहे, वेगळ्या रकान्यात.

पूड बदलताना सगळं धुवायचं असतं. काचा, पिंपाचं झाकण, हात, चमचा, नखंसुद्धा. भरड पुडीचा एक कण बारीक पुडीत राहिला तर तो नांगरासारखा काचेवरून जातो. हे आम्हाला माहीत होतं. पण पाणी एकदा वापरून टाकून द्यायचं हे त्या सालात आमच्या हाताला येत नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला, अंघोळीचं संडासात, कपड्यांचं अंगणात. कोणी नुसती चूळ भरली तरी ती कुंडीत. काचा धुतलेलं पाणी मी एका बादलीत ठेवायची. रात्रीतून गाळ खाली बसायचा आणि वर नितळ पाणी, तळ दिसण्याइतकं.

शेवटच्या बारीक पुडीच्या वेळी नळाला सहा दिवस झाले होते. पिण्याच्या पाण्याचा एकच हंडा उरला होता. मी ताईंना न सांगता त्या बादलीतलं वरचं पाणी अलगद काढून घेतलं आणि त्यानं काचा धुतल्या.

तिसऱ्या की चौथ्या फेरीत ताई म्हणाल्या, "थांब."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"उचल."

वरच्या काचेवर, काठापासून मध्याच्या जवळपर्यंत, केसासारखे दोन ओरखडे होते. जवळजवळ समांतर.

"कुठलं पाणी होतं?"

"निवळलेलं."

त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "निवळलेलं म्हणजे स्वच्छ नव्हे, सुधा." तेवढंच. मी त्यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं राहिले, त्यात मला त्या रागावल्या असतील तर ती एवढीच वेळ, आणि तीही मला नक्की सांगता येत नाही.

ओरखडे काढायचे तर पुन्हा मधल्या पुडीपासून सुरुवात. तीन आठवडे तरी. शनी रोज थोडा थोडा पश्चिमेला कलत होता. ताईंना सकाळी वर्तमानपत्राचे मथळे वाचायला आता खिडकीपाशी जावं लागत होतं. मी काच फडक्यात गुंडाळून रशीदभाईंकडं नेली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली, जीभ टाळ्याला लावून च् च् केलं.

"पुरा घासने का?" मी विचारलं. माझं हिंदी इतपतच.

"कायकू? ओरखडा आरशावर दिसतो बाजी, ताऱ्यावर दिसत नै. जितनी जगह खराब, उतना उजेड कमी. बस. बाकी आरसा आपलं काम करतो." मग ताईंना फोन लावून तेच सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. नकाशावर चुकून पडलेली रेघ ज्यांनी उभ्या आयुष्यात राहू दिली नाही त्या म्हणाल्या, "राहू दे आत्ता. पाऊस पडला की पुन्हा घासू."

रशीदभाईंनी राळेच्या गादीवर गुलाबी पूड घालून काच चमकवून दिली आणि पुण्याला पाठवून तिच्यावर चंदेरी मुलामा करून आणला. नेत्रिका जुन्या बाजारातून आली. मोजणीच्या मोडक्या दुर्बिणीची होती. ताईंनी ती हातात घेऊन ओळखली. "अशीच आमच्या कचेरीत होती."

नळीचा प्रश्न माझ्या नवऱ्यानं, माधवनं सोडवला. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्याची नोकरी. बोलतो कमी. त्या वर्षी प्रत्येक कॉलनीत बोअर घेणं चाललं होतं. गाडी यायची, दोन दिवस कानठळ्या बसायच्या, पांढरी भुकटी सगळ्या घरांवर, आणि पाणी लागायचं नाही. आमच्या मागच्या गल्लीतला बोअर खडकापर्यंत धूळच देत राहिला तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. बोअरच्या भोकात उतरवायच्या सात इंची केसिंग पाइपचा एक तुकडा उरला होता. माधव तो खांद्यावर घेऊन आला. चार फुटांवर कापला, आतून काळा रंग दिला, आणि कारखान्यातल्या फुटक्या पेट्यांच्या फळ्यांची बैठक केली. सहा इंची आरसा सात इंची पाइपमध्ये मोजून करवून घ्यावा तसा बसला.

श्रावणातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर तासाभरात, आम्ही गच्चीवर होतो. दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला, वृश्चिकाच्या डोक्यापाशी, शनी अगदी शांत होता. तारे लुकलुकतात, तो लुकलुकत नाही. माधवनं पाइप वळवला, बराच वेळ झटापट केली, मग म्हणाला, "आला. ताई, बस."

सोनवणेकाकू होत्याच. "शनिदेवाकडं असं डोळं लावून बघू नये म्हणत्यात."

"तो बघतो तेव्हा विचारतो का?" ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. उजवा डोळा नेत्रिकेला लावला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, फोटो काढताना बसतात तसे.

मी मनात वीसपर्यंत मोजलं असेल.

"दिसला," त्या म्हणाल्या.

"कडं?"

"आहे."

"अजून बघता का थोडा वेळ?"

"नको. तू बघ. नीट बघ."

मी बघितलं. काळ्यावर एक पिवळसर मणी, आणि त्याच्याभोवती तिरकं, मण्याला न चिकटलेलं कडं. इतकं नेटकं की खोटं वाटावं. "हो, दिसलं," मी म्हणाले.

"अजून काही?"

"कडं. अगदी स्वच्छ."

"बरं," ताई म्हणाल्या.

मग काकूंनी बघितलं. "आगं, ही तर कानातली बाळी हाय!" आणि पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. त्या गडबडीत ताई बाजूला खुर्चीवर बॅटरीच्या उजेडात वहीत काहीतरी लिहीत होत्या. तारीख घालत असतील, असं मला वाटलं.

बारा दिवसांनी सकाळी त्यांनी विचारलं, "खिडकीला जाळं लागलंय का गं?" जाळं नव्हतं. ऑपरेशन झालं, त्याचा उपयोग झाला नाही. नंतर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं मला बाहेर कागद समजावताना सहज सांगितलं, "पडद्याच्या मध्यभागी सूज जुनी होती. गेले काही महिने यांना बारीक असं काही दिसत नसणार."

ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. वीस मोजेपर्यंतचा तो वेळ. 'आहे.' 'नको, तू बघ.' आमचे हात, फेऱ्या, ओरखडे, माधवचा पाइप, हे सगळं त्यांना माहीत होतं, आणि माणसाला वाईट वाटू न देण्याची त्यांना सवय होती. त्यांना शनी दिसला होता की आमच्यासाठी त्या नुसतं 'दिसला' म्हणाल्या होत्या? हे मी सात वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या पुन्हा 'दिसला' म्हणाल्या असत्या, आणि मला तेवढंच कळलं असतं.

पुढं पाऊस पडला. एका वर्षी तर नको इतका पडला. पण आरसा पुन्हा घासायचं कोणी काढलं नाही. समोरचे पडीक प्लॉट भरले, दक्षिणेला अकरा मजली इमारत उभी राहिली. तिच्या पार्किंगच्या दिव्यांनी आमच्या गच्चीवर सावल्या पडतात. वृश्चिक आता तिच्या पाण्याच्या टाक्यांमागं उगवतो आणि तिथंच मावळतो. दुर्बीण जिन्याखाली, वर जुनी चादर. ताई गच्चीवर यायच्या, खुर्चीवर बसून आज काय काय दिसतंय ते मला विचारायच्या. मी सांगायची. शनी आला की सांगायची, शनी. त्या म्हणायच्या, "हं."

गेल्या माघात ताई गेल्या. झोपेत. त्यांच्या वस्तू थोड्या होत्या, पण मला वह्या उघडायला वेळ लागतो. हा कोरडा श्रावण आला नसता तर कदाचित अजून उघडल्या नसत्या. नेत्रिका शोधताना तिच्या डब्याखाली ती फेऱ्यांची वही निघाली. पानंच्या पानं काड्या. सोनवणेकाकूंचा रकाना. एका पानावर 'ओरखडे २. पाऊस पडल्यावर.' आणि शेवटच्या पानावर तारीख, वेळ, आणि एक चित्र.

चित्र लहान, रुपयाएवढं. मणी आणि तिरकं कडं. ते बघून मला काही वाटलं नाही. शनीचं असं चित्र कुणीही न बघता काढील. पण मण्यापासून उजवीकडं, कड्याच्या तीनेक पट अंतरावर, जरा खाली, एक ठिपका होता. पेन्सिल टेकल्यासारखा. त्याच्या बाजूला बारीक, अंधारात लिहिल्यामुळं ओळ सोडून चढत गेलेल्या अक्षरात : खात्री करणे.

मी वही घेऊन जिन्यावरच बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, अजून काही? सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच. डोळ्यात रक्ताचे ठिपके तरंगणाऱ्या बाईला आकाशात एक ठिपका दिसला होता, आणि तो आकाशातला की डोळ्यातला हे ठरवायला दुसरा माणूस हवा होता. दुसरी मी होते. मी कडं बघून खूश झाले आणि 'स्वच्छ' म्हणाले. मी त्यांच्या बघण्याविषयी सात वर्षं शंका धरली, आणि त्या माझ्या उत्तरावरून स्वतःच्या बघण्याविषयी.

माधवनं आणि मी पाइप वर नेला. त्याला आता धाप लागते, मधल्या वळणावर थांबलो. मुलामा मळलाय, दोन ओरखडे आहेत तिथं आहेत. शनी आठ वर्षांत तीन राशी पुढं गेला. आता पूर्वेकडून वर येतो, तिकडं अजून मोकळं आहे. कडं बरंच मिटलंय, डोळा किलकिला करावा तसं. मी स्टुलावर बसले. वीस मोजले, मग शंभर. मग मोजणं सोडून दिलं. काही वेळानं मण्याच्या डावीकडं, चांगलं अंतर ठेवून, एक ठिपका होता. आधीपासून असावा.

चार संध्याकाळी मी तो बघितला. तो शनीभोवती सरकत होता, पण त्याला सोडून जात नव्हता. पुस्तकात आहे : शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, सोळा दिवसांत एक फेरी. गेल्या कुठल्या दिवशी तो कुठं होता ते आता फोनवर बघता येतं. मी ताईंची तारीख घातली, वेळ घातली. आपल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणून फोन उलटा धरला आणि वहीशेजारी ठेवला.

उजवीकडं. कड्याच्या तीनेक पट अंतरावर. जरा खाली.

सोनवणेकाकू त्यांच्या गच्चीवर आल्या होत्या, कपाळावर हात धरून. "काही दिसायलंय का?"

"दिसतंय," मी म्हणाले. "या, बघा."

"ढग नाय ना पण?"

"नाही. ढग नाही."

काल रशीदभाईंचा फोन आला होता. थकलेत आता, मुलगा दुकान बघतो. आरसा मुलाम्याला पाठवायचा तर आधी ओरखडे काढून घ्यायचे का, विचारत होते. मी म्हटलं, घरीच घासू. पाऊस पडला की.

वहीतलं ते पान मी पुन्हा उघडलं. ताईंची पेन्सिल डब्यातच होती. ठिपक्याला हात लावला नाही. खाली लिहिलं : खात्री केली. सही केली, आणि तारीख घातली.